विजेचे जुने घड्याळ कोणाचे ऐकते?

जुन्या घराची आवराआवर चालू असता माळ्यावरच्या एखाद्या पेटीतून कित्येकदा विजेवर चालणारे जुने घड्याळ हाती लागते. तपकिरी बेकलाइटची पेटी, किंचित पिवळी पडलेली तबकडी, पाठीमागून निघालेली कापडी वेष्टनाची तार आणि तिच्या टोकास दोन चपट्या पिनांचा प्लग, असे त्याचे रूप असते. घरातील वडील माणसे सांगतात की, आजोबा अमेरिकेतील शिक्षण आटोपून परत आले तेव्हा हे घड्याळ त्यांच्या सामानातून आले. मग नव्या पिढीतील कोणी उत्साही तरुण ते पुसतो, चालू करून पाहतो, आणि पुढे तीनपैकी एक गोष्ट घडते. घड्याळ थेट भिंतीतील विजेस जोडले असेल तर काही वेळाने जळका वास येतो आणि सारे संपते. कोणी जाणत्याने मध्ये दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बसविला असेल तर कधी ते नुसतेच निश्चल राहते. आणि कधी ते सुरेख चालू लागते, परंतु दर तासास दहा मिनिटे मागे पडते.

तिन्ही प्रसंगी घरात निर्णय एकच होतो : घड्याळ बिघडले. ते घड्याळजीकडे जाते. विजेची घड्याळे फारशी पाहिलेली नसल्यामुळे घड्याळजी आतील सर्व यंत्र काढून टाकतो व त्या जागी सेलवर चालणारे क्वार्ट्झचे यंत्र बसवून देतो. आजोबांच्या घड्याळाचा चेहरा तेवढा शिल्लक राहतो. खरी हकीकत अशी की, तासास दहा मिनिटे मागे पडणाऱ्या त्या घड्याळात काडीचाही बिघाड नव्हता. ते ज्याचे ऐकावयास बनविले होते त्याऐवजी दुसऱ्याच कोणाचे ऐकत होते, इतकेच. विजेच्या घड्याळाची दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याने हत्यार हाती घेण्यापूर्वी, हे घड्याळ कोणाचे ऐकते, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर मिळाले की अर्धी दुरुस्ती झाली.

चावीच्या घड्याळाच्या पोटात काळ मोजणारा स्वतःचा असा एक अवयव असतो. भिंतीवरच्या घड्याळात तो लंबक, तर मेजावरच्या घड्याळात पुढेमागे हेलकावणारे तोलचक्र. कमान केवळ शक्ती पुरविते. गती किती असावी हे लंबक किंवा तोलचक्र ठरविते. विजेच्या घड्याळांत मात्र काळ मोजणारा हा अवयव कधी घड्याळात असतो, कधी शेजारच्या खोलीत असतो, तर कधी तो शेकडो मैल दूर असतो. या दृष्टीने जुन्या विजेच्या घड्याळांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग स्वतंत्र घड्याळांचा. स्कॉटलंडमधील घड्याळजी अलेक्झांडर बेन याने विजेच्या घड्याळाचे पेटंट १८४१ साली घेतले. त्याच्या घड्याळात लंबक होताच. फक्त त्यास ढकलण्याचे काम कमानीऐवजी विजेकडे दिलेले होते, आणि ती वीज तो ओल्या जमिनीत निरनिराळ्या पदार्थांचे पत्रे पुरून मिळवीत असे. याच कुळातील फ्रान्समधील बुल घड्याळे १९२० नंतरच्या काळात पुष्कळ घरांतून दिसू लागली. त्यांच्या लंबकाच्या खाली तारेची एक गुंडाळी असते व ती किंचित वाकलेल्या चुंबकाच्या दांड्यावरून पुढेमागे सरकते. असे घड्याळ एका सेलवर चालते आणि केवळ आपल्या लंबकाचे ऐकते. ज्या विजेच्या घड्याळात लंबक किंवा मोठे तोलचक्र आढळेल ते बहुधा या वर्गातील समजावे, आणि ते घरातील विजेस कदापि जोडू नये.

दुसरा वर्ग अनुयायी घड्याळांचा. शाळा, कारखाने, टपाल कचेऱ्या, रेल्वेची स्थानके अशा ठिकाणी एक मुख्य घड्याळ असे आणि त्यापासून निघालेल्या तारांवर अनेक तबकड्या चालत. इंग्लंडमधील सिंक्रोनोम पद्धतीत मुख्य घड्याळाकडून दर अर्ध्या मिनिटास विजेचा एक क्षणिक ठोका येई व प्रत्येक तबकडीवरील मिनिटकाटा अर्धे मिनिट पुढे उडी मारी. अशी एखादी तबकडी जुन्या बाजारातून घरी आली तर तिच्या पाठीमागे एक विद्युच्चुंबक, एक दातेरी चाक व दोनचार लहान भाग यांखेरीज काहीच आढळत नाही. पाहणाऱ्यास वाटते की आतील यंत्र कोणी चोरले. वस्तुतः ते कधी नव्हतेच. या तबकडीस मुख्य घड्याळाकडून येणाऱ्या ठोक्यांची गरज असते. तिला घरातील वीज दिल्यास तिची गुंडाळी हमखास जळते.

तिसरा वर्ग सर्वांत मोठा, आणि माळ्यावरच्या पेटीतून निघणारे घड्याळ बहुधा याच वर्गातील असते. यास समकालिक मोटारीचे घड्याळ म्हणावे. त्याची ओळख अशी की, सेकंदकाटा टिकटिक न करता पाण्यावरून तरंगावा तसा अखंड फिरतो, आणि कान लावला असता मंद गुणगुण ऐकू येते. आत लंबक नाही, तोलचक्र नाही, कमानही नाही. मग ते वेळ कोणाकडून घेते?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यास हेन्री वॉरन या अमेरिकन इंजिनियराची हकीकत उपयोगी पडते. मॅसेच्युसेट्स संस्थानातील ॲशलँड या गावी त्याने १९१२ साली घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. ती सेलवर चालत, परंतु सेल क्षीण होत जाई तशी त्यांची नियमितता ढळे. तेव्हा त्याच्या मनात आले की, घरोघर जी वीज येते ती सेकंदास ६० वेळा आपली दिशा पालटून पुन्हा पूर्ववत होते. या आवर्तनांबरोबर पाऊल टाकीत फिरणारी लहानशी मोटार बनविली तर लंबकाची गरजच उरणार नाही. अशी मोटार त्याने बनविली. पण घड्याळे बरोबर चालेनात! शोध करता दोष घड्याळांत आढळला नाही. वीजघरातील जनित्रे दिवसभर एकाच गतीने फिरत नसत; भार वाढला की किंचित मंदावत, कमी झाला की किंचित धावत. दिव्यांस व पंख्यांस याने काही फरक पडत नसे, म्हणून ते आजवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

वॉरनने यावर काढलेला उपाय असा की, घड्याळाकडे न वळता त्याने वीजघराचीच दुरुस्ती केली. त्याने एक मुख्य घड्याळ तयार केले. त्याच्या तबकडीवर दोन काटे होते; एक अचूक लंबकाने चालणारा आणि दुसरा वीजघरातील विजेच्या आवर्तनांनी चालणारा. जनित्रावरील कामगाराने एवढेच पाहावयाचे की, दोन्ही काटे बरोबर राहतात की नाही. मागे पडल्यास जनित्राची गती किंचित वाढवावयाची, पुढे गेल्यास किंचित कमी करावयाची. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी असे घड्याळ बॉस्टन येथील एडिसन कंपनीच्या वीजघरात बसविण्यात आले, आणि त्या शहरात विजेबरोबर घरोघर वेळही पोचू लागली. वॉरनच्या घड्याळांस टेलेक्रॉन असे नाव मिळाले. ग्रीक भाषेतील शब्दांवरून त्याचा अर्थ दुरून येणारा काळ असा होतो. हे नाव यथार्थ आहे. या घड्याळाचा लंबक घरात नसतो. तो वीजघरात असतो.

आता त्या तासास दहा मिनिटांचा हिशेब सहज उलगडतो. अमेरिकेत विजेची आवर्तने सेकंदास ६० असतात. हिंदुस्थानात, इंग्लंडमध्ये व युरोपच्या बहुतेक भागांत ती ५० असतात. टेलेक्रॉनची मोटार ६० आवर्तनांवर मिनिटास ३,६०० फेरे घेते. तिच्याबरोबर एकाच बंद डबीत तेलात बुडालेली दातेरी चाके असतात, आणि पुष्कळ घड्याळांत त्या डबीच्या बाहेर येणारे लहान चाक मिनिटास केवळ ३.६ फेरे घेते, म्हणजे बरोबर एक सहस्रांश. तीच मोटार ५० आवर्तनांवर ३,००० फेरे घेईल. मग साठ मिनिटांचे काम पन्नास मिनिटांचे होणार, हे गणित शाळकरी मुलासही करता येईल. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, आवर्तने बदलीत नाही. म्हणून मुंबईस किंवा पुण्यास आणलेले हे घड्याळ ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडूनही तासास दहा मिनिटे मागेच राहणार. त्याचे काटे प्रामाणिकपणे सांगत असतात की, येथील वीज मला परकी आहे.

यास्तव घड्याळ हाती येताच प्रथम त्याच्या पाठीवरील धातूची पट्टी किंवा कागदी चिठ्ठी वाचावी. तीवर तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली व्होल्ट : ११० ते १२० असल्यास २३० व्होल्टच्या विजेस ते थेट जोडावयाचे नाही. दुसरी आवर्तने : ५० की ६०, हे बहुधा इंग्रजीत सायकल्स या शब्दापुढे लिहिलेले असते. तिसरी वीज कोणत्या जातीची, हे. उलटसुलट वाहणारा प्रवाह, ज्यास एसी म्हणतात, त्यावरच समकालिक मोटार चालते. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी प्रवाहावर ती फिरत तर नाहीच, उलट तिच्या गुंडाळीतून प्रमाणाबाहेर प्रवाह जाऊन ती तापते. चिठ्ठी झिजून अक्षरे पुसली असली तर तिरप्या उजेडात धरून पाहावी. ओल्या फडक्याने पुसण्याची घाई करू नये, कारण पुष्कळदा उरलेसुरले शब्द त्या फडक्याबरोबरच जातात.

यानंतर घड्याळ आपोआप सुरू होणारे आहे की हाताने सुरू करावयाचे, हे पाहावे. निश्चल राहिलेल्या कित्येक घड्याळांचे रहस्य येथेच असते. टेलेक्रॉनच्या चुंबकाच्या टोकांशी तांब्याची लहान कडी बसविलेली असतात. त्यांच्या योगाने चुंबकत्वास फिरती दिशा मिळते व मोटार स्वतःहून फिरू लागते. परंतु अमेरिकेतील हॅमंडची सुरुवातीची घड्याळे व इंग्लंडमधील स्मिथ्स कंपनीची पुष्कळ सेक्ट्रिक घड्याळे अशी नाहीत. त्यांच्या पाठीमागील लहान गुंडी बोटाने फिरवून सोडली म्हणजे मोटार विजेची लय पकडते. ज्यास हे ठाऊक नाही तो चांगले घड्याळ मोडीत काढतो. याच लॉरेन्स हॅमंडने पुढे १९३५ साली बाजारात आणलेल्या प्रसिद्ध विद्युत् ऑर्गनमध्ये स्वर स्थिर राखण्याकरिता समकालिक मोटारच योजली होती, ही गोष्ट संगीतप्रेमी मंडळींस मनोरंजक वाटेल.

हाताने सुरू करावयाच्या घड्याळास कोणी मागासलेले समजू नये. वीज गेली की ते थांबते आणि वीज आली तरी थांबलेलेच राहते. घरच्यांस ताबडतोब कळते की वेळ लावून घेतली पाहिजे. आपोआप सुरू होणारे घड्याळ मात्र वीज वीस मिनिटे गेली तर वीस मिनिटे मागे राहून पुन्हा ऐटीत चालू लागते, आणि पाहणारा फसतो. हा धोका वॉरनच्याही ध्यानात होता. म्हणून कित्येक टेलेक्रॉन घड्याळांच्या तबकडीवर एक लहान खिडकी ठेवलेली असते. वीज मध्ये खंडित झाली की तीत तांबडा ठिपका दिसू लागतो. जुन्या घड्याळात असा ठिपका दिसल्यास तो बिघाड समजू नये. वेळ लावून घ्या, एवढाच त्याचा निरोप असतो.

ओळख पटल्यावर दुरुस्तीकडे वळावे. येथे प्रथम जिवाची काळजी, मग घड्याळाची. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या तारेवरील रबर वाळून ठिसूळ झालेले असते. वरून कापड धड दिसले तरी तार वाकविताच आतील रबराचा भुगा होतो व तांबे उघडे पडते. पेटी धातूची असेल तर तिला हात लावणे प्राणावर बेतू शकते. म्हणून नुसते चालते का पाहू, असे म्हणून जुन्या तारेनिशी घड्याळ विजेस कधीही जोडू नये. तार आधी बदलावी. पेटी उघडताना प्लग भिंतीतून काढलेला असावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. अंधारात अंक दिसावे म्हणून गजराच्या कित्येक जुन्या घड्याळांच्या काट्यांवर व अंकांवर रेडियमचा रंग दिलेला असे. आज तो रंग चमकत नाही, म्हणून तो निरुपद्रवी झाला असे पुष्कळांस वाटते. चमकणारा पदार्थ झिजला, पण रेडियम तसेच आहे. ते निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. अशी तबकडी काचेआड असू द्यावी. तो रंग खरवडू नये, घासू नये, त्याची धूळ श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. असे घड्याळ उघडण्याचा मोह घरी टाळलेलाच बरा.

मोटारीच्या गुंडाळीची परीक्षा साधी आहे. ओहम मोजणारे यंत्र तिच्या दोन टोकांस लावावे. ११० व्होल्टच्या गुंडाळीचा रोध सामान्यतः काही शे ओहम भरतो. यंत्राने काहीच प्रवाह जात नाही असे दाखविल्यास तार कोठे तरी तुटली आहे. केसाहून बारीक असलेली ही तार बहुधा बाहेरच्या जाड तारेशी जेथे जोडलेली असते तेथेच तुटते. वरची पट्टी हलक्या हाताने सोडून ते टोक सापडल्यास पुन्हा डाख देता येतो. तार आत तुटली असेल तर गुंडाळी नव्याने भरून घ्यावी; वीजमोटारींच्या गुंडाळ्या भरणारा सावध कारागीर हे काम करू शकतो, परंतु वेढ्यांची संख्या व तारेची जाडी जुन्याप्रमाणेच राखली पाहिजे.

गुंडाळी शाबूत असूनही घड्याळ चालत नसेल, किंवा चालताना घरघर करीत असेल, तर अपराधी बहुधा त्या बंद डबीतील तेल होय. वर्षानुवर्षे ते सुकत किंवा घट्ट होत जाते. याची एक जुनी कसोटी आहे. घड्याळ काही काळ उलटे ठेवून चालवावे. तेलाचा राहिलेला अंश वरच्या बाजूस उतरून घरघर थांबली तर निदान पक्के झाले. तथापि हा इलाज नव्हे. काही दिवसांनी रड पुन्हा सुरू होते. खरा इलाज असा की, डबी सोडवून बाहेर काढावी, केस वाळविण्याच्या यंत्राने ती माफक तापवावी आणि जेथून लहान चाकाचा आस बाहेर येतो ते टोक पातळ घड्याळी तेलात धरावे. डबी निवू लागली की आतील हवा आकुंचन पावते व तेल आत ओढले जाते. असे तीनचार वेळा केल्यास पुष्कळ डब्या पुन्हा वर्षानुवर्षे मुक्याने चालतात.

तेलाच्या बाबतीत घरगुती हुशारी चालवू नये. खोबरेल तेल तर मुळीच वापरू नये. पुण्याच्या थंडीत ते बाटलीत गोठते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस त्याचे कारण सांगावयास नको. रॉकेल जुना मळ सोडविते, पण वंगण म्हणून टिकत नाही. डबीबाहेरील चाकांच्या दात्यांस तेल देऊच नये, कारण त्यावर धूळ बसून तिचे कानशीसारखे घर्षण सुरू होते. जेथे आस फिरतो त्या भोकापाशी सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरे.

एवढे झाल्यावर घड्याळ प्रथमच विजेस जोडावयाचे. ट्रान्सफॉर्मरच्या आधी जुन्या पद्धतीचा, तारेचा एक लहान दिवा मालिकेत जोडून ठेवावा. आत कोठे तार तारेस भिडलेली असेल तर दिवा लख्ख पेटेल व घड्याळ वाचेल. सर्व ठीक असेल तर दिवा जवळजवळ विझलेलाच राहील, कारण निरोगी घड्याळ दोनएक वॅटपेक्षा फारसे खात नाही. त्यानंतर दिवा काढून घड्याळ एक दिवस नजरेसमोर चालवावे व गुंडाळी हातास सोसवेनाशी तापत नाही ना, हे वीज बंद करून मधूनमधून पाहावे.

राहिला प्रश्न ६० आवर्तनांच्या घड्याळाचा. त्यास हिंदुस्थानात बरोबर वेळ दाखवावयास लावण्याचा मार्ग आहे. क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या साहाय्याने ६० आवर्तनांची वीज निर्माण करणारे लहान उपकरण आज करून घेता येते. दोन वॅटच्या घड्याळास ते मोठे असावे लागत नाही. घड्याळातील एकही मूळ भाग त्यासाठी बदलावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. ज्या क्वार्ट्झने या घड्याळांस घराबाहेर काढले त्याच्याच मदतीने ती पुन्हा घरात येतात, यातही एक न्याय आहे. कारण १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन याने पहिले क्वार्ट्झ घड्याळ सिद्ध केले तेव्हा त्याचे काटे समकालिक मोटारच फिरवीत होती.

५० आवर्तनांचे इंग्रजी घड्याळ असेल तर असे काही करावे लागत नाही, मात्र त्याच्या वेळेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आवर्तने एकाने घटून ४९ झाली तर असे घड्याळ दिवसास जवळजवळ एकोणतीस मिनिटे मागे पडते. हिंदुस्थानातील सर्व विभागांची वीज ३१ डिसेंबर २०१३ रोजी एका जाळ्यात आली, आणि आता आवर्तने ४९.९० ते ५०.०५ या मर्यादेत राखावी असा दंडक आहे. परंतु ४९.९० वर दिवसभर राहिल्यासही जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडेल. युरोपातही हे चुकले नाही. २०१८ च्या आरंभी सर्बिया व कोसोव्हो यांच्यातील तंट्यामुळे जाळ्यात विजेची तूट राहिली. आवर्तने केवळ ४९.९९६ इतकी झाली, आणि मार्चच्या सुरुवातीस पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतची विजेवर चालणारी घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली. लक्षावधी घरांतून घड्याळे पुढे केली गेली असतील. बिघडलेले मात्र त्यांतील एकही नव्हते.

म्हणून माळ्यावरून निघालेले घड्याळ चुकीची वेळ दाखवू लागले तर त्यास लगेच दोषी धरू नये आणि त्याचे पोट रिकामे करवून घेऊ नये. आधी त्याची पट्टी वाचावी, मग तार पाहावी, मग गुंडाळी, मग तेल. या क्रमाने गेल्यास पुष्कळ घड्याळे एका संध्याकाळच्या श्रमात बोलू लागतात. आणि आजोबांनी समुद्रापलीकडून जपून आणलेली ती मंद गुणगुण, क्वार्ट्झच्या टिकटिकीने न झाकली जाता, घरात पुन्हा ऐकू येते.